काठीवरचा तवा

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, यांच्याइतकं मन लावून ऐकणारा माणूस सबंध सातारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, असं मी छातीवर हात ठेवून सांगतो. आणि त्या वेळचा सातारा जिल्हा काही लहान नव्हता. आपण सगळे ऐकतो ते आपली बोलायची पाळी कधी येते याची वाट पाहत. दाजी ऐकायचे ते ऐकण्यासाठीच. मान डावीकडे कलती, डोळे मिटलेले आणि मिशीचं एक टोक दातांत. वडूजहून येणारी सर्व्हिस मोटार ओढ्यापलीकडे असतानाच ते सांगायचे, की आज नेहमीचा ड्रायव्हर नाही. अक्का चुलीपुढे भाकरी करत असली की हे बाहेर ओसरीवरून अगदी वेळेवर "पलटा" म्हणायचे, आणि अक्काला ते मुळीच खपायचं नाही. मी सांगलीला मास्तर होतो. एकदा सुट्टीत त्यांच्या गावी गेलो, तर मी दारात पोचायच्या आधीच आतून आवाज आला, "या पाव्हणं. डाव्या पायताणाचा आंगठा तुटला जनू!" तो तुटलेला अंगठा मी मोटारीतल्या चारचौघांपासून वडूजपर्यंत लपवत आणला होता. माझा जन्म अशा पोरांपुढे बोलण्यात गेला की ज्यांच्यापैकी एकही ऐकत नसे. त्यामुळे दाजींच्या समोर बसलं की मला उगीचच गहिवरून यायचं.

दाजी लढाईवर जाऊन आले होते. हे वाक्य गावात मोठ्या मानानं उच्चारलं जाई आणि तिथंच थांबवलं जाई, कारण पुढची हकिगत अशी की दाजी लढाईवर होते ते लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात. जमिनीत पुरलेले सुरुंग शोधून काढणारी त्यांची पलटण. पुढे गडी कानाला डबे लावून, हातातल्या लांब काठीच्या टोकाची चकती जमिनीवरून फिरवत एकेक पाऊल टाकायचे, आणि मागे, सुरक्षित हद्द दाखवणाऱ्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे दाजी चहाची बादली घेऊन उभे राहायचे. चार वर्षं त्यांनी ते यंत्र असं लांबून पाहिलं. एकदा धीर करून साहेबाला म्हणाले, "साब, एक डाव मला बी ऐकू द्या." साहेब म्हणाला, तू डाळ बघ. दाजींनी डाळ बघितली, पण मनातून ते यंत्र काही गेलं नाही. लढाई संपली, पलटणीतून नावं कमी होऊन गडी घरी निघाले, आणि पुण्याला फौजेचा उरलासुरला माल विकायला निघाला. बाकीच्या गड्यांनी कांबळी घेतली, तंबू घेतले, पत्र्याचे डबे घेतले. दाजींनी ते यंत्र घेतलं. लढाईनंतरच्या दुसऱ्या दिवाळीला मी गेलो तेव्हा ते ओसरीवर पाटावर ठेवलेलं होतं आणि पाटाभोवती रांगोळी होती. लांब दांडी, टोकाला वाटोळी चकती, खांद्याला अडकवायची बॅटऱ्यांची पेटी आणि कानाला लावायचे दोन डबे. गावानं त्याला पहिल्याच दिवशी नाव देऊन टाकलं होतं, काठीवरचा तवा. स्वयंपाक्याच्या हातात दुसरं काय असणार?

यंत्राबरोबर इंग्रजी पुस्तक होतं आणि घरात इंग्रजी येणारा मी एकटा. मी ते वाचून दाखवायचं, दाजींनी पाठ करायचं, असं ठरलं. आता खरं सांगायला हरकत नाही. त्यातलं निम्मं मला कळत नव्हतं आणि मास्तरला कळत नाही असं म्हणायची सोय नसते, म्हणून मी बरंच पदरचं घातलं. शिवाय पहिलं पान मी प्रस्तावना समजून सोडून दिलं. यंत्र चालवणाऱ्यानं अंगावर लोखंड बाळगू नये, हे वाक्य नेमकं त्या पानावर होतं. दुसऱ्या दिवशी दाजी फौजेतले खिळे मारलेले बूट कडक पॉलिश करून अंगणात उतरले आणि त्यांनी तवा जमिनीवर धरला. यंत्र केकाटायला लागलं. तुळशीपाशी केकाटलं, उकिरड्यापाशी केकाटलं, भर वाटेवर केकाटलं. लढाईवरून आल्यापासून गाव दाजींना हवालदारच म्हणायचं; दुपारपर्यंत गावात झालं की हवालदाराच्या घराखाली सोन्याची लादी आहे. तीन दिवस माणसं घर बघायला येत होती. दाजी मात्र त्या तिन्ही दिवसांत एकदाही हुरळले नाहीत. "सगळीकडं सारकंच वाजतंय म्हंजी जमिनीत काय न्हाई. माज्यातच कायतरी हाय," एवढं म्हणाले. मग बूट काढले, कमरेचा पट्टा काढला, बंडीची पितळी बटणं तोडून दोरे बांधले, आणि नुसत्या धोतरावर अंगणात उभे राहिले. यंत्र गप्प झालं. चूक माझी होती हे त्यांना कळलं असणारच, पण मला त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

पुढचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं केला. आमटी उकळायला लागली की तिचा आवाज पातळ होतो आणि आटायला लागली की जाड होतो, हे ज्याला कळतं त्याला लोखंड कुठलं आणि पितळ कुठलं हे का कळू नये, असा त्यांचा हिशेब होता. त्यासाठी त्यांनी घरातल्या वस्तू अंगणात पुरायला घेतल्या. सांडशी, उलथनं, विळी, अडकित्ता, कुलूप, पितळी झारा. कुठं काय पुरलं त्याचा नकाशा एका कागदावर काढला, आणि तो कागद हरण्या नावाच्या बैलानं खाल्ला. आठ दिवस अक्का सांडशीवाचून, विळीवाचून स्वयंपाक करत होती. पदरानं पातेलं उतरवता उतरवता ती एकदा ओरडली, "लढाई संपली म्हनत्यात, आन माजी सांडशी आजून जमिनीतच हाय!" दाजी सकाळी उठून सुतळीनं अंगणाचे चौकोन पाडायचे आणि एकेक चौकोन ऐकत जायचे. आठव्या दिवशी शेवटचा अडकित्ता निघाला तेव्हा त्यांनी तो धुऊन, पुसून अक्कापुढे ठेवला. त्या आठ दिवसांत ते जे शिकले ते माझ्या इंग्रजीनं त्यांना आठ वर्षांत शिकवलं नसतं. पुढे गावातल्या कुणाची विहिरीत पडलेली कळशी असो, की नांगरटीत तुटून राहिलेला फाळ असो, दाजींना बोलावणं यायला लागलं. एकदा वेशीजवळ फाळ शोधताना त्यांना भुताला बांधण्यासाठी भगतानं ठोकलेले सात खिळे सापडले. गावाची पाचावर धारण बसली. दाजींनी सातही खिळे ज्याच्या त्याच भोकात परत ठोकले, वर सलाम केला, आणि "कोन सुटलं आसंल तर माज्याकडं धाडा, च्या पाजतो," म्हणून घरी आले.

आता त्या हरण्याबद्दल सांगायला हवं, कारण दाजींच्या घरात खरा मालक तोच होता. अक्काचं लग्न झालं आणि चार महिन्यांत दाजी पलटणीत गेले. त्याच पावसाळ्यात गोठ्यातली खिलार गाय वासरू मागे ठेवून मेली. ते वासरू अक्कानं फडक्याची वात दुधात बुडवून चोखायला देत वाढवलं. चार वर्षं सासू नाही, सासरा नाही, नवरा समुद्रापलीकडे; बोलायला म्हणून तिला हा एक हरण्या. दाजी परत आले तेव्हा तो ऐन उमेदीत आला होता, पांढराशुभ्र, शिंगं तलवारीसारखी, आणि त्याला हा मिशीवाला माणूस बिलकूल पसंत नव्हता. दाजींनी गोठ्यात पाय टाकला की तो शिंगं खाली घ्यायचा. आणि खरं म्हणजे अक्कालाही दाजी नवखेच होते. ती त्यांच्याशी थेट बोलतच नसे. दाजी दोन हातांच्या अंतरावर उभे असले तरी ती बैलाकडे तोंड करून म्हणायची, "हरण्या, सांग त्यास्नी, च्या निवतोय." दाजीही निमूटपणे हरण्याकडे बघून "आलो" म्हणायचे. मला हसू यायचं आणि वाईटही वाटायचं.

अशात पुढल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथं असताना हरण्यानं वैरण सोडली. पाठीला बाक काढून, पुढचे कोपर बाहेर फेकून तो नुसता उभा राहायचा. उतारावरून चालवला की कण्हायचा. रवंथ बंद. शेजारचे तात्या गावातले जाणते. त्यांनी आजवर कितीतरी जनावरांना तापल्या सळईचे डाग दिले होते. त्यांनी बैलाच्या पोटावर हात ठेवला आणि निदान केलं, "पोटात वारं धरलंय. डाग द्याया पायजे." अक्का हरण्याच्या गळ्यात हात टाकून उभी होती. दाजी पुढे झाले. "तात्या, दोन दिस थांबा. मला ऐकू द्या." तात्या म्हणाले, "का रं? बैल गानं म्हननार हाय व्हय?" सगळे हसले. दाजी हसले नाहीत. फौजेतल्या घोडेखान्याच्या डॉक्टरकडून त्यांनी कधीतरी ऐकलं होतं, की जनावर वैरणीबरोबर खिळा किंवा तार गिळतं आणि मग असंच बाक काढून उभं राहतं.

पण ऐकायचं म्हणजे सोपं नव्हतं. शिंगांच्या पितळी शेंब्या काढल्या, गळ्यातली घुंगरमाळ काढली, तरी यंत्र वाजतच राहिलं. मग लक्षात आलं की बैलाच्या चारी खुरांना नाल आहेत. आजारी जनावराला पाडून नाल काढायचे म्हणजे जिवावरचं काम. दाजींनी काय करावं? तात्यांचाच एक धडधाकट, नाल मारलेला बैल मागून आणला आणि पुरी एक सकाळ त्याच्या पोटाखालून तवा फिरवत नुसत्या नालांचा आवाज पाठ केला. मग हरण्याकडे वळले. हरण्याला धरायला अक्काच हवी, आणि अक्का जवळ आली की यंत्र पुन्हा ओरडायचं. अक्काच्या पायांत जोडवी आणि गळ्यात डोरलं. "काड की घडीभर," असं कुणीतरी म्हणालं. अक्कानं त्या माणसाकडे असं बघितलं की तो पुढे दोन दिवस त्या आळीत फिरकला नाही. नवरा समोर जिताजागता उभा असताना डोरलं काढायचं म्हणजे काय? दाजी म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तिनं काय बी काडायचं न्हाई. मीच कायतरी करतो."

आणि त्यांनी जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. वलणीवर अक्काचं कालचं, न धुतलेलं लुगडं होतं. ते दाजींनी डोक्यावरून, खांद्यावरून अंगभर गुंडाळून घेतलं, पदर नाकापर्यंत ओढला, वर कानांना डबे लावले, खांद्याला पेटी अडकवली आणि हातात तवा घेऊन गोठ्यात शिरले. निम्मं गाव कुडापाशी जमलं होतं. तात्या म्हणाले, "हवालदार, आता डोईवर घागर तेवडी घ्या!" माणसं पोट धरून हसत होती. पदराखालून मिशीचं टोक दिसत होतं, ते सुद्धा हललं नाही. हरण्यानं मान वळवली, लुगड्याचा वास घेतला, एकदा फुसकारला आणि उभा राहिला. दाजींनी तवा हळूहळू फिरवला. उजवी बाजू. पोटाखाली. मग डावी बाजू. डाव्या कोपराच्या मागे, अगदी खाली, ते थांबले. पुन्हा मागे गेले, पुन्हा तिथंच थांबले. हसणारी माणसं आपोआप गप्प झाली. दाजींनी पदर बाजूला केला आणि सांगितलं, "बारीक हाय, पर हाय. लोकंड हाय. तात्या, सळई इजवा." लुगड्यातल्या त्या माणसाइतका रुबाबदार हवालदार मी त्यानंतर कधी पाहिला नाही.

वडूजहून गुरांचे डॉक्टर आले. त्यांनी आधी तोंड वाकडं केलं, मग स्वतः डबे कानाला लावले, मग बोटांनी बैलाची छाती ठोकून पाहिली. "सुई किंवा तार आहे," ते म्हणाले. "डाग दिला असतात तर बैल धडपडला असता आणि ती सरळ काळजात गेली असती. आता पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून उभा करा. वैरण थोडी. दहाबारा दिवसांत ती मागे सरकून बसली तर वाचेल." जाता जाता त्यांनी विचारलं, "याला घालता काय? पोती कशानं शिवता?" त्यावर अक्का पांढरी पडली आणि घरात निघून गेली. आठ दिवसांपूर्वी तिनं हरण्याला घालायच्या सरकीचं फाटकं पोतं दाभणानं शिवलं होतं, आणि ते मोठं दाभण तेव्हापासून सापडत नव्हतं. संध्याकाळी ती ताटावरून उठली. दुसऱ्या दिवशीही जेवली नाही. मी समजावायला गेलो तर म्हणाली, "म्याच घातलं त्येच्या पोटात. ह्या हातानं वाडिवला आन ह्याच हातानं मारला." दाजी दाराबाहेर उभे होते. त्यांना ते ऐकू आलंच.

घटकाभरानं ते माझ्याजवळ आले. "पाव्हणं, वडूजला जाऊन याल का? एक दाभण आना. आन कुनाला बोलू नगा." मी सायकल काढली. मी आणलेलं दाभण दाजींनी दगडावर घासलं, राखेत लोळवलं, मातीत चोळलं. आयुष्यात त्यांना साधी थाप मारता आली नव्हती. चहात साखर विसरली तरी आपणहून सांगणारा हा माणूस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी अक्का शेण काढत असताना यंत्र लावलं आणि गव्हाणीभोवती तवा फिरवायला लागले. उगीच चार ठिकाणी थांबले, उगीच मान हलवली. मग एकदम म्हणाले, "आगं, हितं वाजतंय!" बोटांनी माती उकरली आणि दाभण वर काढलं. "ह्ये बघ. तुजं दाभण हितंच पडल्यालं. त्येच्या पोटात हाय ती वाटंवरची कसली तरी तार." त्यांचे कान लालभडक झाले होते. अक्कानं दाभण हातात घेतलं, पदरानं पुसलं, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिलं. मग दाजींकडे पाहिलं. "व्हय. माजंच हाय," म्हणाली. आणि चुलीकडे वळता वळता, हरण्याकडे न बघता, सरळ दाजींना म्हणाली, "आवं, या. दोगं बी जेवून घेऊ."

हरण्या दगडमातीच्या ओट्यावर पुढचे पाय ठेवून बारा दिवस उभा होता. दाजी त्याला तिथंच बादलीनं पाणी पाजायचे, आता लुगड्यावाचून. बाराव्या दिवशी आम्ही ओसरीवर बसलो असताना दाजींनी हात वर केला. मला काहीच ऐकू आलं नाही. "रवंथ करतोय," ते म्हणाले, आणि अक्का त्यांच्याआधी धावत गोठ्यात पोचली. पुढे हरण्यानं चांगली दहा वर्षं मोट ओढली. यंत्राच्या बॅटऱ्या मात्र वर्षभरात संपल्या आणि तसल्या बॅटऱ्या पुण्यातही मिळेनात. दाजींनी तवा पुसून आढ्याला टांगला आणि पुन्हा म्हणून हळहळले नाहीत. ज्याला ते एवढं शिकायचं होतं त्यानं ते एकदा जीव ओतून वापरलं होतं.

दाजींना जाऊन आता चार वर्षं झाली. परवा अक्काकडे गेलो होतो, ती अंगणात पोतं शिवत बसली होती. तिच्या हातातलं दाभण पाहून मला राहवलं नाही. मीही आता म्हातारा झालोय, पोटात गोष्टी राहत नाहीत. "अक्का," म्हटलं, "हे दाभण मी वडूजच्या बाजारातून आणलेलं आहे." तिनं मान वरही केली नाही. "ठावं हाय. माज्या दाभणाचं टोक वाकडं हुतं. आन ह्येचं दुकानातलं त्याल बी निघालं न्हवतं." मी थक्क झालो. मग त्या दिवशी बोलली का नाहीस, असं विचारलं. ती हसली आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. "काय बोलू? चार वर्सं एकलीनं काडल्याली. आन त्यो मानूस माज्यासाटी मातीत बसून खोटं बोलत हुता, आन ते बी किती वंगाळ! मला वाटलं, आता ह्यो आपला." तिनं दोरा ओढून घेतला. "ते जायाच्या आदल्या दिशी तोंडाशी आलं हुतं माज्या. पर जल्मात एवडं एकच खोटं त्यास्नी जमल्यालं. ते बी काडून घिऊ व्हय?"

मी तिच्यासमोर बसलो आणि तिला शिवता यावं म्हणून पोत्याचं तोंड धरून ठेवलं.